कडक उन्हात कॅमेऱ्याची स्क्रीन: हूड घ्यायचा की लूप?

भर दुपारी मोकळ्यावर कॅमेरा काढला की स्क्रीनवर चित्राऐवजी आपलाच शर्ट आणि मागचं आभाळ दिसतं. ब्राइटनेस शेवटपर्यंत नेला तरी फारसा फरक पडत नाही, आणि त्याचं कारण एका छोट्या हिशेबात कळतं. कडक उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो. त्या उन्हातला पांढरा शर्ट साधारण २५,००० निट इतका उजळ असतो (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप, निट म्हणजे पृष्ठभाग किती उजळ दिसतो त्याचं). साधी काच त्यातला सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते, म्हणजे स्क्रीनमध्ये दिसणारं शर्टाचं प्रतिबिंबच १,००० निटचं झालं. कॅमेऱ्याची मागची स्क्रीन स्वतः जेमतेम काही शे निट देते. काचेवर चांगलं कोटिंग असेल आणि परावर्तन एका टक्क्यावर आलं, तरी २५० निट उरतातच. त्या कोटिंगवर बोटांचे तेलकट ठसे बसले की तेही हातचं जातं.

इथे दोन वेगळे त्रास आहेत. एक, थेट स्क्रीनवर पडणारं ऊन. दुसरा, तुमच्या बाजूच्या उजळ वस्तूंचं प्रतिबिंब. हूड म्हणजे स्क्रीनभोवती उभ्या केलेल्या, समोरून उघड्या भिंती. पहिल्या त्रासाचा बंदोबस्त तो बऱ्यापैकी करतो, दुसऱ्याचा अर्धवट. लूप म्हणजे स्क्रीनवर घट्ट बसणारी बंद नळी आणि तिच्या टोकाला डोळ्याला लावायचं भिंग. तो दोन्ही त्रास संपवतो, पण वजन वाढवतो, लावा-काढायला वेळ खातो आणि टचस्क्रीन हातातून काढून घेतो.

स्क्रीनवर नेमकं काय बघायचंय?

खरेदीचा निम्मा निर्णय या प्रश्नात आहे. फक्त फ्रेमिंग बघायचं असेल, म्हणजे कोण कुठे उभं आहे, क्षितिज सरळ आहे का, कडेला कुणाचा हात कापला जातोय का, तर हूड पुरतो. हाताने फोकस करायचा असेल, विशेषतः व्हिडिओत, तर लूप लागतो. ट्रायपॉडवर निवांत काम असेल तर हूड आणि कॅमेऱ्यातलं फोकस मॅग्निफिकेशन (चित्राचा छोटा भाग मोठा करून दाखवणारी सोय) ही जोडीही चालते, आणि ती लूपपेक्षा स्वस्तात पडते.

एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ किंवा काळपट येतोय ते, बघायचं असेल तर दोन्ही घेऊ नका, म्हणजे त्या कामासाठी घेऊ नका. उन्हात डोळ्याची बाहुली आकसलेली असते. त्याच डोळ्याने लूपमध्ये पाहिलं की पहिले काही क्षण फ्रेम अंधारलेली वाटते, मग डोळा सरावतो आणि तीच फ्रेम उजळ वाटू लागते. उघड्या स्क्रीनवर तर सावल्यांचा भाग प्रतिबिंबात बुडून जातो, म्हणून फोटो अंडर, म्हणजे काळपट, वाटतो आणि माणूस एक्सपोजर वाढवत सुटतो. घरी येऊन पाहावं तर आभाळ पांढरंफटक. एक्सपोजर हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) आणि झेब्रा (जास्त उजळ भागावर दिसणारे पट्टे) यांवरच ठरवा. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला की हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भागातला तपशील, गेले. स्क्रीनवर काहीही दिसत असो.

पैसे खर्च करण्याआधी

काळा, चमक नसलेला शर्ट घाला. काळं कापड साधारण ५ टक्केच उजेड परत देतं, त्यामुळे वरच्या हिशेबातलं १,००० निटचं प्रतिबिंब साठ-पासष्ट निटवर येतं. इतका फरक कुठलीही ब्राइटनेस सेटिंग देत नाही. रुंद काठाची टोपी चेहऱ्यावरचं ऊन अडवते. चेहऱ्याचं प्रतिबिंबही तेवढंच त्रास देतं.

स्क्रीन प्रोटेक्टर नीट तपासा. काच फक्त कडांना चिकटलेली असेल आणि मध्ये हवेचा थर असेल, तर परावर्तन करणारे आणखी दोन पृष्ठभाग तयार होतात. प्रत्येकाचे चारेक टक्के धरले की प्रतिबिंब जवळपास तिपटीने वाढतं. पूर्ण पृष्ठभागाला गोंद असलेली काच घ्या, नाहीतर प्रोटेक्टर काढून टाका. मॅट प्रोटेक्टर सावलीत छान वाटतो, पण थेट उन्हात तो उजेड सगळीकडे पसरवतो आणि अख्खी स्क्रीन दुधाळ दिसते.

पोलराइज्ड गॉगल घालून स्क्रीन बघत असाल तर आधी कॅमेरा ९० अंशांत फिरवून पाहा. स्क्रीनचा उजेड मुळातच पोलराइज्ड असतो, त्यामुळे एका स्थितीत चित्र काळं पडू शकतं. उभ्या फ्रेममध्ये अचानक स्क्रीन बंद पडल्यासारखी वाटली तर दोष बहुधा गॉगलचा.

आणि कॅमेऱ्याला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची छोटी खिडकी, आत बारीक स्क्रीन) असेल तर तो व्हिडिओतही चालतो का, त्याच्या शेजारची बारीक चकती तुमच्या नंबराला जुळवली आहे का, हे पाहा. डोळ्याला लावायचं बंद भिंग तुमच्याकडे आधीच आहे. ज्यांना तो पुरतो त्यांनी लूपवर पैसे घालवू नयेत, हे आमचं स्पष्ट मत. लूप खरा उपयोगाचा ठरतो तो व्ह्यूफाइंडर नसलेल्या कॅमेऱ्यांना, आणि मिरर वर गेल्यावर व्ह्यूफाइंडर आंधळा होणाऱ्या डीएसएलआरवरच्या व्हिडिओला.

हूडची खोली

हूड निवडताना लोक रंग आणि घडी बघतात. बघायची असते ती खोली, म्हणजे भिंत स्क्रीनपासून किती पुढे येते. सूर्य तुमच्या पाठीशी आहे आणि स्क्रीन उभी आहे असं धरा. तीन इंची, ३:२ प्रमाणाची स्क्रीन सुमारे ६३ मिमी रुंद आणि ४२ मिमी उंच असते. सूर्य ६० अंशांवर असेल तर ती पूर्ण सावलीत यायला वरची भिंत २५ मिमी पुरते. ४५ अंशांना ४२ मिमी लागतात, ३० अंशांना ७३ मिमी आणि २० अंशांना तब्बल ११५ मिमी.

घडी होऊन स्क्रीनवरच मिटणाऱ्या हूडची मर्यादा इथेच कळते. मिटल्यावर भिंत स्क्रीनवर मावायची, तर ती स्क्रीनच्या उंचीपेक्षा फार लांब करताच येत नाही. म्हणजे असा हूड मुळात ४५ अंशांच्या वरच्या सूर्यासाठी आहे. सकाळी आणि दुपार कलल्यावर सूर्य पाठीशी आला की तो निकामी. ज्यांचं काम त्याच वेळांत चालतं, त्यांनी ७० मिमीच्या पुढचा, घडी न होणारा हूड बघावा किंवा सरळ लूपकडे वळावं.

थोडी सूट स्क्रीन झुकवून मिळते. टिल्ट होणारी स्क्रीन १५ अंश खाली वळवली आणि कॅमेरा डोळ्यांच्या जरा वर धरला, तर ३० अंशांवरचा सूर्य ४५ अंशांवरच्या सूर्यासारखा वागतो. उलट कमरेच्या उंचीवरून शूट करताना स्क्रीन आभाळाकडे वळते. दुपारी अशा वेळी कुठलाच हूड कामाचा नाही. डोकं पुढे काढून त्याचीच सावली पाडावी लागते.

भिंती बाहेर फाकणाऱ्या नकोत. फाकलेला हूड ऐटबाज दिसतो आणि तेवढंच जास्त आभाळ आत घेतो. दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण ६३ मिमी, आणि तीन इंची स्क्रीनची रुंदीही तेवढीच. म्हणून सरळ भिंतींच्या डब्यातून दोन्ही डोळ्यांना पूर्ण स्क्रीन दिसते. त्याहून रुंद तोंडाची गरज नाही.

आतला पोतही बघा. काळं प्लास्टिक समोरून काळं दिसतं, पण तिरक्या उजेडात चकाकतं, आणि हूडच्या आत येणारा सगळाच उजेड तिरका असतो. आतून मखमली अस्तर असलेला हूड घ्या. नसेल तर काळी, मागून गोंद असलेली वेल्वेट शीट कापून चिकटवता येते. दहा मिनिटांचं काम आहे.

लूप: किती पटींचा?

लूपवर २ पट, २.५ पट, ३ पट असं लिहिलेलं असतं. हा आकडा २५० मिमीला भिंगाच्या नाभीय अंतराने (भिंगापासून जिथे दूरचा उजेड एका बिंदूत जमतो तिथवरचं अंतर) भागून येतो. २.५ पटीचं भिंग १०० मिमीचं, ३ पटीचं सुमारे ८३ मिमीचं. स्क्रीन त्या अंतराच्या आसपास ठेवायची असते, म्हणून कमी पटीचा लूप लांब नळीचा आणि जास्त पटीचा आखूड असतो.

जास्त पट म्हणजे जास्त चांगला असं नाही. १०.४ लाख डॉटची स्क्रीन म्हणजे प्रत्यक्षात ७२० × ४८० पिक्सेल, कारण प्रत्येक पिक्सेलमागे लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट मोजतात. तीन इंचांत तो एक पिक्सेल ०.०८८ मिमीचा पडतो. उघड्या डोळ्यांनी २५० मिमीवरून तो जेमतेम दिसण्याच्या सीमेवर असतो. ३ पटीच्या भिंगातून पिक्सेलांची जाळी स्पष्ट दिसते आणि फोकस कुठे आहे ते त्या जाळीतून शोधावं लागतं. अशा स्क्रीनला २ ते २.५ पट पुरे. १६.२ लाख डॉट, म्हणजे ९०० × ६०० पिक्सेल, किंवा त्याहून बारीक स्क्रीन असेल तरच ३ पटीचा विचार करा. ३ पटीत आणखी एक अडचण असते: सगळे कोपरे एका नजरेत येत नाहीत, बुबूळ फिरवावं लागतं. फोकस बघणाऱ्याला ते चालतं. धावपळीत फ्रेमिंग सांभाळणाऱ्याचं डोकं उठतं. झकूटो कंपनीचा झेड-फाइंडर हा लूप २.५ आणि ३ अशा दोन्ही पटींत निघाला. दोन्ही गरजा वेगळ्या आहेत.

आता चष्म्याच्या नंबराचा मुद्दा, ज्यापायी लूप परत करायची वेळ येऊ शकते. स्क्रीन भिंगाच्या बरोबर नाभीय अंतरावर असली की डोळ्याला ती दूरच्या वस्तूसारखी वाटते. म्हणून ज्यांना फक्त चाळिशी लागली आहे, दूरचं स्वच्छ दिसतं, त्यांना लूपमध्ये चष्मा लागत नाही. ज्यांचा नंबर मायनस आहे त्यांना भिंग स्क्रीनच्या जवळ आणावं लागतं. दूरचा नंबर प्लस असेल तर लांब न्यावं लागतं. किती? २.५ पटीच्या भिंगाला एका नंबरामागे सुमारे १० मिमी, ३ पटीच्या भिंगाला सुमारे ७ मिमी. हा आकडा लक्षात ठेवा आणि लूपचं आयपीस (डोळ्याकडचा, भिंग असलेला भाग) या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ते किती मिमी पुढे-मागे होतं ते पट्टीने मोजा. २.५ पटीचा लूप एकूण १२ मिमीच हलत असेल, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, तो सव्वा नंबरापेक्षा जास्त जुळवू शकत नाही. दूरचा प्लस नंबर असणाऱ्यांसाठी काही कंपन्या लूप आणि स्क्रीनमध्ये बसवायच्या जादा फ्रेम देतात. त्या मिळतात का ते आधी विचारा. सिलिंड्रिकल नंबर असेल तर कुठलीही चकती तो सुधारत नाही. चष्मा घालूनच बघावं लागेल, मग आयकप (डोळ्याभोवती टेकणारी रबरी वाटी) मऊ आणि मागे दुमडता येणारा हवा, भिंगही मोठं हवं.

भिंगाची प्रत घरीच कळते. कॅमेऱ्यात ग्रिड लावा आणि लूपमधून बघा. कडेच्या रेषा थोड्या वाकणारच. पण कोपऱ्यातली मेनूची अक्षरं वाचता येत नसतील, किंवा पांढऱ्या अक्षरांना जांभळी-हिरवी किनार दिसत असेल, तर आत एकच साधं भिंग आहे. दोन भिंगं जोडलेल्या रचनेत ही किनार खूप कमी होते.

जुळवणी चित्रावर करू नका. चित्रच फोकसबाहेर असेल तर तुम्ही लूप चुकीचा फिरवत बसाल. मेनू उघडा, क्षणभर दूर कुठेतरी पाहा म्हणजे डोळा सैल होईल, मग आयकपला डोळा लावून अक्षरं काटेकोर होईपर्यंत चकती फिरवा. त्या जागी पांढऱ्या पेनाने खूण करा. बॅगेत चकती हमखास हलते.

मापं

"तीन इंची स्क्रीनला बसतो" या वाक्यावर विसंबू नका. तीन इंच हा कर्ण आहे. ३:२ ची स्क्रीन ६३ × ४२ मिमी, ४:३ ची ६१ × ४६ मिमी, १६:९ ची ६६ × ३७ मिमी. तिन्ही तीन इंचीच. ३.२ इंची ३:२ स्क्रीन ६८ × ४५ मिमीची होते आणि तीन इंची लूपच्या तोंडात तिच्या कडा कापल्या जातात. नेमक्या त्या कडांवर बॅटरी, ऑडिओचे मीटर आणि रेकॉर्डिंगची खूण असते.

स्टीलच्या पट्टीने चार मापं घ्या: चित्र दिसतं तो भाग, त्याभोवतीची काळी चौकट, चौकटीपासून उजवीकडच्या पहिल्या बटणापर्यंतचं अंतर, आणि चौकटीच्या वरच्या कडेपासून व्ह्यूफाइंडरच्या रबरापर्यंतचं अंतर. मग लूपच्या बाहेरच्या मापाचा पुठ्ठा कापून स्क्रीनवर टेपने लावा आणि कॅमेरा नेहमीसारखा चालवा. अंगठा डायलपर्यंत जातो का, प्लेबॅकचं बटण दबतं का, व्ह्यूफाइंडरचं रबर पुठ्ठ्याला टेकतं का, हे पाच मिनिटांत कळतं. मोजमाप करूनही जे सुटतं ते या पुठ्ठ्याने पकडलं जातं.

बेसप्लेटवर, म्हणजे कॅमेऱ्याखाली स्क्रूने लावायच्या पट्टीवर, बसणारा लूप घेणार असाल तर आणखी दोन मापं लागतात: ट्रायपॉडच्या भोकापासून स्क्रीनच्या मध्यापर्यंतची उंची, आणि डावी-उजवीकडचा फरक. पुष्कळ कॅमेऱ्यांत भोक लेन्सच्या रेषेत असतं आणि स्क्रीन तिच्या डावीकडे सरकलेली. लूपचा कंस दोन्ही दिशांनी सरकणारा हवा.

लूप धरून कसा ठेवायचा?

गळ्यात अडकवून, लागेल तेव्हा स्क्रीनवर टेकवायचा लूप, उदाहरणार्थ हूडमनचा हूडलूप, फोटो काढून झाल्यावर तपासण्यासाठी उत्तम. शूट करताना मात्र एक हात त्यातच अडकतो. इलॅस्टिकने बांधलेला लूप हलका पडतो पण डोळ्याच्या दाबाने सरकतो, आणि सरकला की एका कडेने ऊन शिरतं.

स्क्रीनच्या चौकटीवर पातळ धातूची फ्रेम चिकटवून त्यावर चुंबकाने लूप बसवायची पद्धत वेगाच्या दृष्टीने सगळ्यात चांगली. एलसीडीव्हीएफ नावाचा लूप असाच बसतो. पण फ्रेम प्रोटेक्टरवर चिकटवलीत तर काही दिवसांत लूपसोबत प्रोटेक्टरच निघून येतो. प्रोटेक्टर काढा, चौकट लेन्स साफ करायच्या द्रवाने पुसून पूर्ण सुकू द्या, फ्रेम चारही बाजूंनी सारखी बसवा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि लूप दुसऱ्या दिवशीच लावा. डबल टेपचा गोंद पूर्ण पकड घ्यायला तेवढा वेळ घेतोच.

बेसप्लेट किंवा केजवर (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीवर) बसणारा लूप सगळ्यात भक्कम. तो वर उचलता येईल अशा बिजागरीचा असेल तर टचस्क्रीनही अधूनमधून वापरता येते. खांद्याला आणि हाताला टेकलेला कॅमेरा डोळ्यालाही टेकल्यावर थरथर बरीच कमी होते, हा त्याचा वरचा फायदा. मात्र त्या दाबाचा भार प्लेटवर जायला हवा. कुशीतून बाहेर उघडणाऱ्या किंवा टिल्ट होणाऱ्या स्क्रीनवर चुंबकाचा लूप लावून स्क्रीन उघडी ठेवलीत, तर सगळं वजन आणि डोळ्याचा दाब त्या नाजूक बिजागरीवर येतो, आणि तिच्यातून जाणारी पट्टीसारखी केबल तुटली की स्क्रीनच जाते. स्क्रीन, चित्र बाहेरून दिसेल अशी, कॅमेऱ्याच्या पाठीला टेकवून मिटा आणि मगच लूप लावा. हूडचं तसं नाही. तो हलका असतो आणि त्याच्यावर कुणी डोळा दाबत नाही.

हमखास होणारे घोळ

लूप लावला आणि स्क्रीन काळी झाली? लूप बिघडलेला नाही. व्ह्यूफाइंडरशेजारच्या आय-सेन्सरला समोर काहीतरी आलेलं दिसलं, त्याला वाटलं डोळा आला, आणि कॅमेऱ्याने चित्र व्ह्यूफाइंडरवर पाठवलं. उंच भिंतीच्या हूडनेही हेच होतं. मेनूत जाऊन ऑटो बदल बंद करा आणि डिस्प्ले फक्त मॉनिटरवर ठेवा.

टचस्क्रीनच्या कडेवर रबर दाबलं की फोकसचा चौकोन आपोआप कोपऱ्यात पळतो. टच बंद करा, फोकस पॉइंट हलवणं जॉयस्टिकवर किंवा एखाद्या बटणावर घ्या.

ब्राइटनेस लूप लावल्यावर परत मधल्या पायरीवर आणा. बाहेरच्या उन्हासाठी शेवटपर्यंत नेलेली स्क्रीन बंद नळीत डोळ्याला टोचते आणि बॅटरीही खाते.

भिंगावर वाफ धरते, कारण घामेजलेला डोळा आणि बंद आयकप. वातानुकूलित खोलीतून थेट दमट उन्हात आलात तर आणखीच. लूप बॅगेतच ठेवून थोडा गरम होऊ द्या, हवेला वाट असलेला आयकप निवडा, आणि भिंगाला वाफविरोधी द्रव लावायचा असेल तर तो कोटिंग असलेल्या भिंगाला चालतो का ते बाटलीवर वाचा. आयकपवर सुती किंवा शामॉयचं (मऊ चामड्याचं) कव्हर चढवलं तर घाम तिथेच शोषला जातो.

लांब व्हिडिओ घेताना कॅमेरा तापतो. तापू नये म्हणून स्क्रीन पाठीपासून दूर उघडी ठेवतात. लूपसाठी आपण तीच मिटवून वर काळं झाकण लावतो. दोन टेकच्या मध्ये लूप काढा किंवा वर उचला, कॅमेरा सावलीत ठेवा.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. लूपचं भिंग उलट्या दिशेनेही भिंगच आहे, आणि स्क्रीन त्याच्या नाभीवर ठेवलेली आहे. आयपीस सूर्याकडे झाला की सूर्याचं टोकदार प्रतिबिंब थेट स्क्रीनवर पडतं. ४० मिमी व्यासाचं, १०० मिमी नाभीय अंतराचं भिंग धरलं तर तो ठिपका जेमतेम १ मिमीचा होतो, आणि त्यात ऊन दीड हजार पटींहून जास्त एकवटतं. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, त्याला एवढं पुरत असे. स्क्रीनवर तपकिरी किंवा काळा डाग उमटतो आणि तो कायमचा. कॅमेरा ट्रायपॉडवर सोडून बाजूला जाताना आयपीसला टोपण घाला, टोपण नसेल तर लूप काढून खाली ठेवा. गळ्यात अडकवून चालताना पाठीमागचा आयपीस वर वळत नाही ना, तेवढं बघा. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या व्ह्यूफाइंडरलाही हाच धोका असतो.

घरी केलेला हूड

३ मिमी जाडीची काळी फोम शीट घ्या. क्राफ्टच्या साहित्यात मिळते. समजा स्क्रीनची बाहेरची चौकट ७६ × ५६ मिमी आहे. वरची आणि खालची भिंत प्रत्येकी ८२ × ६५ मिमी, बाजूच्या दोन भिंती ५६ × ६५ मिमी कापा. वरची-खालची भिंत सहा मिमी जास्त, कारण ती दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या जाडीवर बसते. जोडण्याआधीच आतल्या बाजूला वेल्वेट शीट लावा, मात्र वरच्या-खालच्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना ३ मिमी पट्टा मोकळा सोडा. गोंद फोमला धरतो, मखमलीला धरत नाही. रबरी गोंद दोन्ही कडांना लावून तो चिकटसर होईपर्यंत थांबा, मग जोडा. लगेच जोडलंत तर कडा सरकतात.

खालची भिंत काढून टाकायचा मोह होतो, पण ती राहू द्या. वाळू, काँक्रीट, पाणी यांवरून उसळणारा उजेड खालूनच येतो.

टिल्ट होणारी स्क्रीन असेल तर इलॅस्टिकचा फास फक्त स्क्रीनच्या पाटीमागून घ्या. पक्क्या बसवलेल्या स्क्रीनला दोन इलॅस्टिक लागतात: कॅमेऱ्याच्या पुढून एक लेन्सच्या वरून, एक खालून. यात वरची भिंत चौकटीच्या कडेला, म्हणजे ३:२ च्या तीन इंची स्क्रीनच्या सुमारे ७ मिमी वर बसते, म्हणून ६५ मिमी खोलीचा हा हूड सुमारे ३७ अंशांपर्यंतचा सूर्य अडवतो. घडी होत नाही, बॅगेत जागा खातो. बाकी तक्रार नाही.

बाहेरचा मॉनिटर लावत असाल तर गणित बदलतं. १,००० निटच्या वरचा मॉनिटर काळ्या शर्टासमोर हूडशिवायही वाचता येतो, हूड लावला की आरामात. पाच इंची १६:९ मॉनिटर सुमारे ६२ मिमी उंच असतो, म्हणून ४५ अंशांसाठी हूडही ६२ मिमी खोल हवा. किंमत मोजावी लागते ती बॅटरीत आणि उन्हात तापलेल्या पाठीत.

हातात आल्यावर

पहिली चाचणी अंधाऱ्या खोलीत घ्या. लेन्सवर टोपण ठेवून स्क्रीन काळी करा, लूप लावा, डोळा टेकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी लूपच्या बुडाभोवती टॉर्च फिरवायला सांगा. चौकटीला कुठे फट असेल तर तिथे उजेडाची रेघ चमकते. रेघ कोपऱ्यात एकाच जागी असेल तर पातळ फोमची पट्टी लावून भागतं. अख्ख्या एका बाजूने असेल तर लूपचं बूड आणि तुमची चौकट जुळतच नाही. पट्ट्या लावत बसू नका, परत करण्याची मुदत संपायच्या आत पाठवून द्या. दुसरी चाचणी बाहेर, सूर्याकडे पाठ करून, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय: चारही कोपऱ्यांतले आकडे डोकं न हलवता वाचता यायला हवेत.